बाईंच्या पटावरचं पाणी

बाई कोणालाही स्वतःची भूमिका खेळू देत नसत. डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, खांद्यावर कायम गुंडाळलेला रेक्झिनचा पट. त्यावर दिवा गावाचा खाडीकाठ रंगवलेला: खारफुटी, नाले, चाळी. लोक त्यांना पटवाल्या बाईच म्हणत. "आपलं घोडं प्रत्येक जण दामटतोच," त्या म्हणायच्या, "जरा दुसऱ्याचं दामटून बघा."

मी तेव्हा पालिकेत अभियंता होतो. खाडीकाठी भराव घालून रस्ता न्यायचा का, यावर लोकांचं मत हवं होतं. बाईंनी त्यासाठी खेळ मांडला. मला कोळीण केलं आणि दिव्याच्या जनाबाईंना बिल्डर. "आता माजी पाली हाय, भरा सगला!" म्हणत जनाबाईंनी भरावाच्या सोंगट्या धडाधड खारफुटीवर ठेवल्या. सगळे हसले. मग बाईंनी भरतीचा फासा टाकला आणि पाण्याची निळी बटणं चाळींवर सरकवू लागल्या. तिसऱ्या बटणाला जनाबाई ओरडल्या, "अगो बाय, ह्यो तं माजाच घर!" हसणं थांबलं.

चौथ्या डावात सगळ्यांनी मिळून नाल्याचं तोंड आणि खारफुटी सोडून रस्ता वळवला. बाईंनी तो निर्णय कागदावर लिहिला, सह्या घेतल्या आणि अहवालाला जोडायला कागद माझ्याकडे दिला. कचेरीत आमचे साहेब म्हणाले, "खेळाचा निकाल फायलीत लावणार? शोभतं का?" मी वाद घातला नाही. कागद खणात गेला. अहवालात लिहिलं, नागरिकांसाठी जनजागृतीचा खेळ घेण्यात आला.

बाई दोनदा कचेरीत आल्या.

"कागद लावलात ना?"

"हो बाई, लावला."

त्यांनी दिव्यात तेच सांगितलं. लोक निर्धास्त राहिले. हरकती नोंदवायची मुदत संपली, तिथून एकही अर्ज आला नाही. नाल्याच्या तोंडावर आणि खारफुटीवर भराव पडला. पुढच्याच पावसाळ्यात चाळींत कमरेएवढं पाणी शिरलं.

लोकांनी बाईंना धरलं. "काळजी करू नका, असं तुम्हीच बोललेलात ना?" बाईंनी माझं नाव घेतलं नाही. मी भेटायला गेलो, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भरवसा मी दिला. कागद डोळ्यांनी न बघता दिला, ती चूक माझी." मी चहा पिऊन परत आलो. त्यानंतर त्यांनी पट कुठेच उलगडला नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. अंत्यसंस्काराला दिव्याहून कोणी आलं नाही.

परवा जनाबाईंना गाठून सगळं सांगितलं, तो कागदही दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. "आता सांगतंस? बाई व्हती तवा तोंड कुटं व्हता तुजा?"

दारोदार जाऊन सांगायचं बळ आता उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. बाईंनी दिव्याला फसवलं नाही. त्यांना मी फसवलं.