यादीतली त्रुटी

नोंदणी कचेरीतल्या या कारकुनाने उभ्या जन्मात माशीसुद्धा मारली नाही. त्याने फक्त कार्डांचे कोपरे कापले. तरुणपणी एकसारखे सदरे घालणारा पक्ष सत्तेवर आला आणि घराघराचं कार्ड करण्याचा हुकूम निघाला. ज्यांचे आजे सरहद्दीपलीकडून आले, त्यांच्या कार्डाचा उजवा कोपरा कात्रीने उडवायची युक्ती याच्याच सुपीक डोक्यातली. मग गठ्ठा चाळताना नजरेची गरजच नाही, बोटालाच कळायचं. पुढे ती घरं रिकामी झाली. माणसं कुठे गेली, हे विचारणं त्याच्या खात्यात येत नव्हतं.

पक्ष बुडाला, कारकून तरंगला. निवृत्तीवेतन वेळेवर मिळालं. कोणी विषय काढलाच तर, "आम्ही हुकमाचे ताबेदार."

मुलगा वारल्यावर सून त्याचं सगळं करत होती. ऐंशी उलटलेल्या या देहाला आंघोळ घालण्यापासून नखं कापण्यापर्यंत.

एका दुपारी नव्या पक्षाचे दोघे आले. इस्त्रीचे कोट, गोड बोलणं.

"काका, आम्ही त्या जुन्यांतले नाही हं. आम्ही आपले संस्कृतीवाले."

"कापड बदललंय," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "शिवण तीच आहे."

त्यांनी यादी पुढे केली. बाहेरून आलेल्यांच्या वंशजांची एकेचाळीस घरं. सोमवारी त्यांना कुलपं लागणार होती. "तुमच्यासारखा जाणकार उरलाय कुठे? तेवढी नजर घाला."

कारकुनाची पाठ ताठ झाली. चष्मा लावून, बोट फिरवत, एकेक पत्ता मोठ्याने वाचत तो शेवटपर्यंत गेला आणि त्याचा चेहराच पडला.

"अपुरी आहे. एक घर राहिलंय."

त्याने पत्ता सांगितला. पत्ता लिहून घेणाऱ्या पाहुण्याचा हात थबकला. "काका, हा तर इथलाच."

"सुनेच्या आजीचं कार्ड. कोपरा मीच कापला होता. मुलगा हट्टाला पेटला, म्हणून लग्नात बोललो नाही. पण यादी म्हणजे यादी."

सून दारात येऊन उभी राहिली होती.

"मामंजी, सोमवारनंतर तुम्हाला आंघोळ कोण घालणार?"

हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं.

"तुमच्या सोयीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल, काका."

"बरं," कारकून म्हणाला. "किती प्रतींत?"

सून तोवर पिशवी भरून जिना उतरत होती. उरलेल्या एकेचाळीस घरांचे पत्ते तिला तोंडपाठ होते.