पाळीचा उतार आणि कापगते सरांचे ब्रेक

इतर स्टाफरूममध्ये बदलीचे आणि लग्नाचे किस्से साठतात. आमच्या गाडीत साठले ब्रेकचे! गाडी कापगते सरांची. पुढे मी, मागे लांजेवार मॅडम, असे आम्ही तिघे सानगडीहून रोज शाळेत जातो. पेट्रोल वाटून घेतो, तशी काळजीही वाटून घेतो.

*

सुरुवात धानकापणीच्या दिवसांत झाली. तेव्हा आमच्याकडे लोक धान रस्त्यावरच पसरतात आणि येणारी-जाणारी वाहनं फुकटात मळणी करून देतात. आम्हीही इमानेइतबारे करत होतो. एका संध्याकाळी गाडीत जळका वास सुटला. मॅडमना वाटलं माझ्या डब्याचा आहे, म्हणून बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. भंडाऱ्याला डीलरकडे चाक उघडलं, तर ब्रेकभोवती तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, दोर वळलेला. तिथल्या हसतमुख ॲडव्हायझरने विचारलं, गाडी शेतात चालवता का?

"नाही जी," कापगते सर म्हणाले, "आमच्याकडे शेतच रस्त्यावर येते."

*

त्यानंतर एकदा नुसतं ऑइल बदलायला गेलो, तर निरोप आला की ब्रेक पॅड संपलेत. सरांनी लगेच मान डोलावली. डीलरने तपासलं म्हणजे झालं, असा त्यांचा विश्वास. मॅडमचा तसा नाही. बाजारात वांगी दाबून बघावीत तसा त्यांनी जुना पॅड हातात घेऊन दाबला आणि हा तर चांगला जाड आहे म्हणाल्या. ॲडव्हायझरने मुकाट्याने जोडीचा दुसरा दाखवला. तो पार लोखंडापर्यंत गेला होता. मॅडमनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिले.

"एकच झिजला. दुसरा जसाच्या तसा. आपली स्टाफरूमच की!"

आमच्यातला झिजलेला कोण, हा विषय परतीच्या वाटेवर कोणीच काढला नाही.

*

सर इतकं तपासून का घेतात, हे मला उशिरा कळलं. कारण होते त्यांचे बाबा. गावच्या तलावाची पाळ ओलांडली की, जाताना असो वा येताना, रस्ता एकदम खाली उतरतो. फार पूर्वी त्या उतारावर बाबांची धानाने भरलेली बैलबंडी उलटली आणि एक बैल जागीच गेला. तेव्हापासून बाबा कोणत्याही वाहनात असोत, पाळीवर आले की खाली उतरतात, उतार पायी उतरतात आणि पायथ्याशी पुन्हा बसतात. मुलाच्या गाडीलाही सूट नाही.

सरांना हे फार लागायचं. बाबांनी एकदा तरी आपल्या भरवशावर तो उतार गाडीत बसून उतरावा, एवढंच त्यांना हवं होतं. दर तपासणीनंतर ते घरी जाऊन सांगायचे, बाबा, डीलरने सगळं ओके दिलं. बाबांचं उत्तर ठरलेलं.

"त्यानं तपासली ना? मंग त्यालेच बसव."

आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत.

*

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशीच पूर्ण तपासणी झाली होती. दसऱ्याला सकाळी बाबांनी स्वतः गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. दुपारी मॅडम आणि मी सरांकडे गेलो होतो. तिथून सगळे मिळून सोनं द्यायला निघालो. पाळीच्या चढावर गाडी ब्रेक न दाबताच आपसूक थांबली, बाबा नेहमीसारखे उतरून पुढे चालू लागले. मागून सरांनी गाडी उतारावर घातली.

ब्रेक लागेनात. पाय पार खाली दाबलेला, गाडी घसरतेच आहे आणि समोर बाबांची पाठ. सरांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी कडेच्या बेशरमाच्या झुडपांत घुसवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण सर स्टिअरिंग धरून बसून राहिले, हात सुटेनात त्यांचे. बाबा वळून आले, काचेतून मुलाकडे बघत उभे राहिले.

*

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून भंडाऱ्याला नेली. मागोमाग आम्ही बसने, भांडायच्या तयारीने. बाबा हट्टाने सोबत आले. मॅडमनी तर वाटेतच वाक्यं पाठ केली होती. आदल्या दिवशी ओके दिलेले ब्रेक दुसऱ्या दिवशी जातात कसे?

ॲडव्हायझरने आमच्यासमोरच चाक काढलं. पॅड जिला धरतात त्या आतल्या लोखंडी थाळीवर तेलाचा थर चमकत होता. त्याने बोट लावून वास घेतला आणि गोंधळून आमच्याकडे पाहिलं. जवसाचं तेल होतं ते.

मॅडमची पाठ केलेली वाक्यं तिथंच राहिली. बाबा पुढे झाले.

"तेल मीच देल्लं. दसऱ्याले बंडीच्या चाकाले देत होतो, तसंच." मग म्हणाले, "चाक सुखानं फिरावं म्हून."

सरांनी एक स्टूल ओढलं आणि बाबांना बसायला दिलं.

नवे पॅड बसले, थाळ्या पुसून झाल्या. चाकं चढवायच्या आधी बाबा उठले. सगळ्या थाळ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं, धोतराला पुसून पुन्हा फिरवलं. ॲडव्हायझर बाजूला उभा राहिला. कोणी घाई केली नाही.

संध्याकाळी परत येताना पाळीवर सरांनी सवयीने गाडी थांबवली. मॅडम मागून हळूच म्हणाल्या, आज आपणही पायी जाऊ या का? मी दाराच्या हँडलला हात घातलाच होता. सरांनी वाकून बाबांच्या बाजूचं दार उघडलं.

बाबा जागचे हलले नाहीत.

"बाबा, उतार आला," सर म्हणाले. "उतरता ना?"

बाबांनी दार ओढून लावून घेतलं.

"काहून? आता तपासली कोन?"