दौलताबादवरचं पिवळं आभाळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बजाजनगरात माझ्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कामगार राहतात. दर रविवारी ते दौलताबादला जाऊन किल्ल्याचं चित्र काढतात आणि मागं तारीख टाकतात. किल्ला दरवेळी वाकडा येतो. त्यावर त्यांचं म्हणणं, "किल्ला कुठं पळून जातो व्हय? आभाळ मात्र खोटं काढायचं नाय."

एकदा त्यांनी बघायला दिलेल्या चित्रावर माझा चहा सांडला. फडक्यानं पुसायला गेलो, तर तो आभाळभर सारखा पसरला. वाळल्यावर मी चित्र गुपचूप परत केलं आणि त्यांनी ते न बघताच गठ्ठ्यात ठेवलं.

पुढं जुन्या चित्रांवरून त्या वेळची हवा अभ्यासणाऱ्या एक मॅडम आल्या. ते चित्र बघून त्या हरखल्या. "त्या दिवशी धुळीचं वादळ असणार."

"मला तर निळं आठवतंय, भाऊ," ते मला म्हणाले. "पण चित्रात हाय म्हणजे असंलच."

तेव्हापासून रंग लावण्याआधी ते दौलताबादहून मला फोन करतात. "आभाळ निळंच हाय ना? माझ्या डोळ्यांचा भरवसा नाय राहिला."

मी गॅलरीत जाऊन वर बघतो. माफी मागायची म्हणून घसा खाकरतो आणि म्हणतो, "निळंच आहे. लावा."