शंभरातून सात

लेक संशोधनासाठी लेहला निघाली आहे. तिच्यासाठी परवा बाजारातून शेकायची रबरी पिशवी आणली, नाकाशी नेली आणि त्या रबरी वासाने थेट नोकरीच्या सुरुवातीच्या त्या लोखंडी खोलीत पोचले!

माझी ती पहिलीच चाचणी. खोलीतली हवा विरळ करत आम्हाला बसल्या जागी हिमालयाच्या उंचीवर नेलं होतं. प्राणवायूचा रबरी मास्क काढून शंभरातून सात-सात वजा करत लिहायचं होतं. काय सांगू, अंगात नुसता आनंद संचारला! हात भराभर चालत होता. इतकी हुशार मी आजवर कधीच नव्हते!

"मॅडम, मास्क लगाइए," शेजारी मास्क लावून बसलेले चौहानजी म्हणाले.

"थांबा हो, आत्ता कुठे मजा येतेय!" कामावर कायम हिंदी बोलणारी मी चक्क मराठीत ओरडले.

शेवटी त्यांनीच मास्क माझ्या तोंडावर दाबला. दोन श्वासांत भान आलं. कागदावर तीन उत्तरं बरोबर होती, पुढे पानभर वाकडेतिकडे सात. प्राणवायूअभावी नखं निळी पडली होती, आणि मी खुशीत!

लेकीच्या निवडीचा फोन आला तेव्हाही तशीच ओरडले. मग गुपचूप नखं बघितली. छान गुलाबी होती.