उजेड देणाऱ्या जंतूंची साक्ष

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कागल भागातलं ते प्रकरण आठवलं की मला माझाच राग येतो.

ओढ्याचं पाणी पिऊन एका शेतकऱ्याच्या तीन म्हशी मेल्या. त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला, "त्याच्या चुलतभावाच्या शेतातल्या खोपीत बघा." दोघांचा बांधावरून जुना वाद, गावभर माहीत असलेला. खोपीत तणनाशकाचा अर्धा कॅन सापडला. पंचनामा केला आणि भर गल्लीतून त्या चुलतभावाला जीपमध्ये घातलं. भावकी म्हटली की आम्हा पोलिसांना अर्धा पुरावा तिथंच मिळाल्यासारखा वाटतो.

"उसाला मारलंय की साहेब," चौकशीत तो एवढंच म्हणायचा. संध्याकाळी थकला. "लिवा काय लिवायचं ते." मी पेन उचललं, तेवढ्यात त्यानं विचारलं, "त्या धाकट्या म्हशीचं रेडकू हाय. त्याला दूध कोण पाजतंय का?"

पेन खाली ठेवलं. ज्यानं विष घातलं, तो असं विचारत नाही.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता. ओळखीच्या एक प्राध्यापिका कारखान्यांची रसायनं किती विषारी आहेत ते तपासायच्या. त्यांच्याकडे समुद्रातले, स्वतःच उजेड देणारे जंतू होते. पाणी विषारी असलं की त्यांचा उजेड मंदावतो. "कुठलं विष ते कळणार नाही, पण आहे की नाही ते लगेच कळेल," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, जेमतेम वाहणाऱ्या त्या ओढ्याच्या काठानं वर चढत आम्ही पंचांसमोर बाटल्या भरल्या.

प्रत्येक बाटलीतलं पाणी आणि ते जंतू घातलेल्या नळ्या अंधाऱ्या खोलीत मांडल्या. म्हशी प्यायल्या तिथल्या पाण्याची नळी काळी. चुलतभावाच्या शेताच्या खालच्या अंगाची काळी. त्याच्या शेताच्या वरची, तीही काळीच! महामार्गाच्या पुलाच्या वरची मात्र निळसर उजळली. म्हणजे विष पुलापाशी ओढ्यात उतरलं होतं. पाणी काही उलटं चढत नाही.

पुलाजवळच्या चहावाल्यानं तिथं थांबणाऱ्या टँकरचा नंबर सांगितला. चालकाला समोर बसवलं. "माल उतरवला की टँकर हितंच धुतो साहेब. नुसतं धुतलेलं पाणी तर सोडलं ओढ्यात!" पुढे सरकारी अहवालातही त्याच्याच टँकरमधलं रसायन निघालं.

चालक बोलला त्याच संध्याकाळी मी चुलतभावाला म्हणालो, "जा घरी, सुटलास."

तो जागचा हलेना. "नेताना सगळी गल्ली बघत हुती. आता सोडायला बी तुम्हीच चला. मी सांगून कोण ऐकतंय व्हय?"

गेलो. म्हशींच्या मालकाच्या दारात, जमलेल्या माणसांसमोर, "चूक माझी झाली, यानं काही केलेलं नाही," असं मोठ्यानं सांगितलं. आपण माणसाला जेवढ्या लोकांदेखत पकडतो, तेवढ्याच लोकांदेखत त्याला परत आणून सोडावं लागतं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

म्हशींचा मालक गोठ्यातलं रेडकू सोडून घेऊन आला. मग चुलतभावाला म्हणाला, "रेडकू काल धरनं उपाशी हाय. तुझ्या म्हशीखाली लावून बघ की."