तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या मंडळीत कोणालाही कामावर नेमायचं असलं की आधी तीन रविवार त्याचं नाव वाचतात. लग्न ठरलेल्यांची वाचतात तसंच. उपासना संपत आली की सेक्रेटरी काका कपाळावरचा चष्मा खाली घेतात, कागद उलगडून नाव वाचतात आणि शेवटी म्हणतात, "यास कोणाची हरकत असल्यास त्यांनी आता सांगावी." मग ते मनात तीनपर्यंत मोजतात. त्यांचे ओठ हलतात, म्हणून मला माहीत आहे. तीन झाले की कागद खिशात आणि शेवटचं गीत सुरू. माझ्या वीस वर्षांत तिथे कोणी हरकत घेतलेली मी पाहिली नव्हती. लहानपणी तर आम्हाला वाटायचं की तो प्रार्थनेचाच भाग आहे. आम्ही पोरं त्यावर आमेन म्हणायचो.

गेल्या वर्षी दोन नावं वाचायची ठरली. आमच्याकडची मुलं कॉलेजात गेली की चर्चला यायची बंद होतात. त्यांच्यासाठी कोणीतरी माणूस हवं, असं कमिटीत बरेच दिवस चाललं होतं. शेवटी पूर्णवेळ एक सेविका नेमायचं ठरलं. ती जालन्याकडची होती, ईश्वरविज्ञानाचं शिक्षण नुकतंच पूर्ण केलेली. तिच्या मदतीला मंडळीतलीच एक अर्धवेळ मुलगी घ्यायची होती. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारी अभ्यासिका चालवायची आणि कॉलेजच्या मुलांना अभ्यासात, फॉर्म भरण्यात मदत करायची, हे तिचं काम. ते दुसरं नाव माझं होतं.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आई चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये विजेच्या बटणांच्या पॅकिंगला जाते. शाळा तिची दुसरीत सुटली. मराठी पाटी ती अक्षर अक्षर लावून वाचते, इंग्रजी अजिबात नाही. मी बारावी झाले तेव्हा पाळकसाहेबांनी मला उपासनेत उभं केलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून मी मंडळीची "आमची कॉलेजवाली". कोणाचं लाइट बिल चुकलं, कोणाला हॉस्पिटलचा कागद कळला नाही, की तो माझ्याकडे यायचा. मला ते आवडायचं. फार आवडायचं, हे इथे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दुसऱ्या वर्षाला मला दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते दोन राहिले, परत द्यायचे. लॉ आणि इको. निकाल फोनवर आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात बसले होते. आईचा फोन आला, "काय झालं गं?" मी म्हणाले, "पास." तो शब्द बाहेर पडल्यावर मला ऐकू आला. महिन्याभराने चर्चच्या कामाचा फॉर्म भरला, त्यात एक प्रश्न होता: आजवरच्या सर्व विषयांत उत्तीर्ण आहात का? मी "होय" लिहिलं. परत परीक्षा देईन, सुटेन, मग हे खोटं राहणारच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मार्कशीट मी घरच्या फाइलमध्ये अगदी तळाला, दहावीच्या सर्टिफिकेटखाली ठेवली.

पहिल्या रविवारी नावं वाचली. काकांनी तीन मोजले, गीत झालं. घरी आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुला मला काही सांगायचंय का?" मी म्हणाले, "नाही. का?" ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या रविवारी पुन्हा नावं वाचली. घरी पुन्हा तोच प्रश्न, तेच माझं नाही, तेच तिचं बरं. मला वाटलं, लेकीचं कौतुक कसं करायचं ते तिला जमत नाहीये.

तिसऱ्या रविवारीच स्वागत होतं. फाटकावर फ्लेक्स लागला होता, डावीकडे नवीन ताईंचा फोटो, उजवीकडे माझा, बारावीच्या आयकार्डावरचा. पुढच्या टेबलावर स्टीलच्या ताटात दोन शाली आणि दोन गुच्छ. नवीन ताई शुक्रवारी आल्या होत्या. चर्चमागच्या खोलीत त्यांची सोय होती आणि त्यांना बादली, मग घेऊन द्यायला मीच बाजारात गेले होते. आता आम्ही दोघी पहिल्या बाकावर शेजारी बसलो होतो. आई नेहमीसारखी शेवटच्या बाकावर, दाराजवळ. चर्चमध्ये ती कधी बोलत नाही. साक्ष द्यायला उभं राहा म्हटलं तरी मान हलवते.

काकांनी ताईंचं नाव वाचलं. तीन मोजले. मग माझं नाव वाचलं. "यास कोणाची हरकत असल्यास त्यांनी आता सांगावी." ओठ हलले, एक. दोन.

"माझी हरकत आहे."

आवाज मी आधी ओळखला, शब्द नंतर कळले. कीबोर्डवाल्या दादाने गीताचा पहिला सूर दाबलाही होता, तो तसाच वाजत राहिला. मग त्याने बोट उचललं.

काका म्हणाले, "कोण?"

"मी. तिची आई."

मागे कोणीतरी हसलं. गंमत वाटली असेल. काकांनी चष्मा वर ढकलला, परत खाली घेतला. "वहिनी, असं नसतं. घरचं घरी बोला."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं," आई म्हणाली. "ऐकायचं नसेल तर विचारू नका."

मी वळून बघितलं नाही. मला वळताच येईना. माझ्या डोळ्यांसमोर ताटातली शाल होती आणि तिच्या कडेचे गोंडे मी मोजत होते, सात, आठ, नऊ. कान इतके तापले होते की शेजारच्या ताईंना त्याची धग लागत असेल असं वाटलं. माझी आई. दळणाच्या डब्यावरून शेजारणीशी भांडण झालं तरी जी माघार घेते ती माझी आई सगळ्या मंडळीसमोर माझ्याविरुद्ध उभी होती. मला अजूनही हे वाक्य लिहिताना ते दुसऱ्या कोणाबद्दलचं वाटतं.

पाळकसाहेब खाली उतरून मधल्या वाटेत आले. शांतपणे म्हणाले, "बाई, हरकत काय आहे, सांगता का?"

"ते तिने सांगायचं. तिला निकाल विचारा."

तेव्हा दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा मोठा. तिला माहीत होतं.

मी उभी राहिले. ताईंना बोलायचं होतं म्हणून माइक आमच्या बाकासमोरच ठेवला होता आणि तो चालू होता. मी अगदी हळू म्हणाले, "माझे दोन विषय राहिलेत. फॉर्मवर मी खोटं लिहिलंय." ते फाटकाबाहेर रिक्षास्टँडपर्यंत ऐकू गेलं असणार.

पाळकसाहेबांनी काकांच्या हातातला कागद घेतला. मग म्हणाले, "एक नाव मंजूर. दुसरं थांबवूया. बस, बाळ."

मी बसले. ताईंना शाल घातली, गुच्छ दिला. रविवारच्या शाळेच्या मुलांनी बसवलेलं गाणं म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माझे हात वाजत होते ते मला दिसत होतं. ताटात एक शाल घडी न मोडता पडून होती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

ताई माइकसमोर उभ्या राहिल्या. हातातला कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला. "मी लिहून आणलं होतं," त्या म्हणाल्या, "पण ते आता इथं बसत नाही. मुंबईच्या मंडळीत यायची मला भीती वाटत होती. ती आता जरा वाढली." लोक हसले. "माझं काही चुकलं तर मला लगेच सांगा. तीन रविवार थांबू नका." लोक आणखी हसले, सेक्रेटरी काकासुद्धा. मला त्या हसण्याचाही धक्काच बसला. जग बुडाल्यावर लोक हसतात आणि नंतर चहा-समोसे खातात, हे मला नवीन होतं.

बाहेर आले तर फाटकावरचा फ्लेक्स मधोमध मागे दुमडून पुन्हा बांधला होता. रस्त्याकडून फक्त ताई दिसत होत्या. कोणी केलं, कधी केलं, कळलं नाही. दहा मिनिटंही झाली नसतील. माझा फोटो मागच्या बाजूला, चर्चकडे तोंड करून होता. माझ्याबरोबर रविवारच्या शाळेत असलेली मैत्रीण समोसा खात जवळ आली आणि म्हणाली, "तुझी आई म्हणजे डायरेक्ट हायकोर्ट आहे यार." तिला मला हसवायचं होतं. मग महिला मंडळाच्या मावशी उरलेली शाल छातीशी धरून आल्या. "मी कपाटात ठेवते गं. डांबरगोळी टाकते, कसर लागणार नाही." त्यांनी हे इतक्या प्रेमाने सांगितलं की मला तिथे उभं राहवेना.

घरापर्यंत आम्ही दोघी पुढेमागे चाललो. आई पुढे. खोलीत शिरून तिने पंखा लावला, पाणी प्याली, मलाही दिलं. मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"आधार कार्ड काढायला फाइल उघडली. खाली तुझा कागद होता. त्यावर एफ होता."

"तुला एफ वाचता येतो?"

"आमच्याकडे जे बटण चालत नाही त्याच्या खोक्यावर तो चिकटवतात. बारा वर्षं चिकटवतेय मी."

सगळ्या इंग्रजीतलं तिला एकच अक्षर येत होतं, आणि मी ते नेमकं तिच्याच घरात लपवलं होतं. तिला काही वाचता येत नाही यावर माझा केवढा भरवसा होता, हे मला त्या क्षणी दिसलं. केटीपेक्षा त्याची लाज जास्त वाटली. अजून वाटते.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"दोनदा विचारलं."

"पण सगळ्यांसमोर, आई..."

ती पाटावर बसली. पायातली जोडवी फिरवत बसली. वडील गेल्यावरही तिने ती काढली नाहीत. "काका सगळ्यांना विचारतात ना, हरकत आहे का? मी तिथे बसलेली. मला माहीत असून मी गप्प बसले असते, तर तुझ्यासारखी मीही खोटीच." मग म्हणाली, "आणि हे काम मिळालं असतं तर तू पेपर परत दिले नसतेस. दुसऱ्यांचे फॉर्म भरत बसली असतीस. मला माहीत आहे तू कशी आहेस."

चार दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. डबा तेवढा नेहमीपेक्षा भरलेला असायचा.

गुरुवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. नवीन ताई. चपला बाहेर काढून आत आल्या, आईने दिलेला चहा बशीत ओतून प्याल्या आणि मला म्हणाल्या, "जी मुलं यायची बंद झालीत, त्यांच्या घरी जायचंय. मला इथले सेक्टर कळत नाहीत. काल मी एकाच बिल्डिंगला तीन वेळा पोचले."

मी म्हणाले, "ताई, माझी नेमणूक नाही झाली."

"नेमणूक कोण मागतंय? रस्ता दाखव म्हणते."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "आठच्या आत ये. अभ्यास आहे."

तसं सुरू झालं. मी ताईंना घरं दाखवायचे आणि बहुतेक वेळा जिन्याशीच थांबायचे. आत जायला भीती वाटायची की कोणी तो विषय काढेल. काढलाही. एक मुलगा, दोन वर्षं चर्चला न आलेला, दारातूनच म्हणाला, "अगं, तूच ना ती? मला पण केटी आहे. तुझी आई नाही ना आलीय आज इथे?" तो त्यानंतरच्या शनिवारी अभ्यासिकेत आला. अभ्यासिकेतली भिंतीकडची खुर्ची, जिथे मी बसणार होते, ती रिकामी असायची. मी मुलांच्या रांगेत सतरंजीवर लॉचं पुस्तक घेऊन बसायचे. त्याच खुर्चीवर कधीतरी ताई बसायच्या आणि पुस्तकातून मला प्रश्न विचारायच्या, उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नसतानाही.

एका रविवारी पलीकडच्या गल्लीतले आजोबा हॉस्पिटलचा कागद घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. मला हात पुढे करवेना. ते म्हणाले, "का गं? दोन विषय राहिले म्हणून हे वाचता येत नाही का?" मी वाचून दिला. पुढची तारीख होती फक्त.

गेल्या आठवड्यात मार्कशीट मिळाली. मी ती घडी न करता, पुस्तकात सपाट ठेवून घरी आणली आणि आईच्या हातात दिली. तिने हात पदराला पुसले. कागद उंबऱ्याजवळच्या उजेडात नेला आणि तर्जनी वरपासून एकेका ओळीवरून फिरवायला लागली. मला निकाल माहीत होता, तरी मीही तिच्या बोटाबरोबर ओळी वाचत गेले. बोट दुसऱ्याच ओळीवर थांबलं.

"हा?"

"तो 'फॅकल्टी'चा एफ आहे गं, शाखेचं नाव. वरचं. सगळ्यांच्याच कागदावर असतं."

तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं, मग बोट पुढे नेलं. लॉ. इको. शेवटची ओळ. सहीपर्यंत गेली, कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मग तो फाइलमध्ये ठेवला. सगळ्यात वर.

मी म्हणाले, "पाळकसाहेब म्हणालेत, या रविवारपासून परत नाव वाचतील. तीन रविवार." ती गॅसवर चहाचं पाणी ठेवत होती. मी कप खाली काढले. "आता तुझी हरकत नाही ना?"

"ते चर्चमध्ये विचारतात," आई म्हणाली. "घरात नाही."