मोहाखालचा सिनेमा

आमच्या घरात मोबाईलचा डेटा दुपारच्या जेवणाआधीच संपतो. चोर घरातलाच आहे. साठी ओलांडलेला, चष्म्याला दोरा बांधून बसणारा, आणि पकडला की उलट मलाच सुनावणारा. "तुहा मोबाईल लय अटकते वं ज्योत्स्ना, मारामारी अर्धीच राह्यली माही!" हा चोर म्हणजे माझ्या सासूबाई. सासूला नावानं हाक मारायची पद्धत आमच्यात नाही, पण गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात त्यांना सगळे शकुबाई म्हणतात, तेव्हा लिहिताना तरी मी ती हौस भागवून घेते.

शकुबाईंना सिनेमाचं वेड माहेरचं. त्यांचं माहेर धानोऱ्याकडे, पार जंगलात. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की शेजारच्या गावात कोणीतरी तंबू आणि सिनेमाचं मशीन भाड्यानं आणायचं आणि दुपारपासून सिनेमे लावायचं. बाप त्यांना खांद्यावर बसवून न्यायचा. पण अंधार पडायच्या आत जंगल ओलांडून घरी पोचायचं असायचं, म्हणून सिनेमा रंगात आला की बाप उठायचा. शेवट कधी बघायला मिळालाच नाही. मग परतीच्या वाटेवर बाप विचारायचा, "पुढं काय झालं असन?" आणि ही पोर खांद्यावरून शेवट सांगायची. तिच्या शेवटात कोणी मरत नसे. बापाला ते इतकं आवडायचं, की पोरीची खोड कायमची झाली.

आता मोबाईलवर सगळे सिनेमे शेवटापर्यंत बघता येतात, तरी शकुबाई आपलेच शेवट सांगतात. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, तो हिरो मरतो शेवटी. मी पाह्यला सिनेमा."

"सिनेमावाल्यानं एकडाव मारला न त्याले? मंग मी कायले दुसऱ्यांदा मारू?" असं म्हणून त्यांनी पाखडायच्या तुरीचं सूप माझ्याकडे सरकवलं.

त्यांची आवडनिवड ठाम आहे. तेलुगूतून हिंदीत आणलेले मारामारीचे सिनेमे पहिल्या नंबरावर, कारण त्यात हिरो आईच्या पाया पडतो आणि मग दहा माणसं हवेत उडवतो. दुसऱ्या नंबरावर गोंडी गाणी, ती डीजेवर धाडधाड वाजणारी. बाजाराच्या दिवशी गोंडपिपरीला गेलो की भाजी मी घ्यायची आणि त्यांनी नवाबभाईंच्या मोबाईल दुकानात स्टुलावर बसायचं. नवाबभाई रिचार्ज मारता मारता त्यांना नवीन काय आलं ते सांगतात, आणि दोघं मिळून एखाद्या सिनेमाची अशी चिरफाड करतात की गिऱ्हाईक ताटकळतं. माझ्या पिशवीचे बंद हाताला काचायला लागतात, पण मला कोणी विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून एकाच सिनेमानं सगळ्यांना वेड लावलं होतं. एक तरुण माणूस बर्फाच्या डोंगरात ट्रक चालवायला जातो, बायको लहान पोरीला घेऊन गावात वाट बघते, आणि ट्रक दरीत कोसळतो. त्यातलं बायकोचं विरहाचं गाणं घरोघरी वाजत होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजलं, कोतवालाच्या मोबाईलची रिंगटोन झालं. कमाल म्हणजे डीजेवाल्यांनी त्याला ठेका लावला आणि आमच्याकडच्या वराती त्यावर नाचायला लागल्या. गाण्यात बाई छाती फोडून रडते आणि समोर नवरदेवाचे मित्र कमरेला रुमाल बांधून उड्या मारतात. हसावं की रडावं कळत नाही.

शकुबाईंच्या या वेडाचा उपयोग मार्चमध्ये मोहाची फुलं गळायला लागली की होतो. उजाडलं की आम्ही बायका टोपल्या घेऊन जंगलात जातो. ज्याची त्याची झाडं ठरलेली, त्यामुळे एका झाडाखालची बाई दुसरीला दिसेलच असं नाही. जंगलात वाघ आहे, आणि फुलं वेचणारी बाई वाकलेली असते, वाघाला ती जनावरच वाटते. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. शकुबाई मधल्या मोहाखाली बसून वेचता वेचता खड्या आवाजात सिनेमा सांगतात, आणि थोड्या थोड्या वेळानं थांबतात. थांबल्या की प्रत्येकीनं आपापल्या झाडाखालून "हं" असा हुंकार द्यायचा. सगळे हुंकार आले की सिनेमा पुढे सरकतो. एखादा आला नाही, तर सगळ्यांनी वेचणं टाकून तिच्याकडे धावायचं.

कोणीतरी स्पीकर नेऊन गाणी लावायची टूम काढली होती. ठमाबाईंनी ती मोडीत काढली. ठमाबाई आमच्या टोळीच्या म्होरक्या, त्यांच्या पुढे बोलायची कोणाची टाप नाही. त्या म्हणाल्या, "डब्बा वाजतच राह्यते. बाई हाये का नाई, ह्ये त्याले काय समजते?"

यंदा पहिल्याच दिवशी आमच्यात रंजीता आली. तिचा नवरा निकेश मागच्या पावसाळ्यात धानाच्या बांधीतलं पाणी बघायला जंगलाच्या कडेला गेला आणि वाघानं नेला. पंचविशीची पोरगी, पदरात लहान मुलगी. तेव्हापासून तिचं बोलणंच आटलं होतं. विचारलं तर मान हलवायची, बस. पण मोह वेचल्याशिवाय तिला गत्यंतर नव्हतं, आणि तिचं झाड होतं पार नाल्याच्या काठाला, सगळ्यांच्या नजरेआड.

पहिल्या दिवशी तिच्या झाडाखालून हुंकार आलाच नाही. आम्ही टोपल्या टाकून धावलो. ती फुलं वेचत होती. आम्हाला बघून तिनं नुसतं वर पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दिवसभर आम्ही वेचलं कमी आणि पळालो जास्त. घरी परतताना ठमाबाई म्हणाल्या, "पोरीचं दुख मले नाई का समजत? पन जिचा आवाज नाई थे मेली का जित्ती, कोन सांगन? दोन दिवस पाहू. नाई बोलली त तिले आनू नका."

रंजीता चार पावलं मागे चालत होती. तिनं ऐकलं असणार. मला ठमाबाईंचा राग आला आणि त्यांचं खरं होतं म्हणून आणखी राग आला.

"मी बोलती करतो तिले," शकुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतला विनोदी सिनेमा काढला. सासरा झाडावर चढून बसतो आणि जावई खालून शिडी पळवतो, असा काहीतरी. बायका हसून हसून लोळल्या. नाल्याकडून काही आलं नाही. शकुबाई मध्ये मध्ये नाव घेऊन विचारत होत्या, "आयकून राह्यली न वं रंजीता?" आणि मला दर वेळी जाऊन बघून यावं लागत होतं. ती तिथंच असायची. एकदा मी तिला म्हटलं, "बाई, एक हं म्हन न. तुहं काय जाते?" तिनं तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज फुटला नाही. मी माझ्या ओच्यातली फुलं तिच्या टोपलीत ओतली आणि परतले.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे ठमाबाईंनी दिलेल्या शेवटच्या दिवशी, एका बाईनं फर्माईश केली, "शकुबाई, तो ट्रकवाल्याचा सांगा न."

आम्ही दोघी एकाच झाडाखाली होतो, मी शकुबाईंकडे डोळे वटारून पाहिलं. निदान आज तरी तो नको. पण त्यांनी मला हातानंच गप्प केलं. त्यांचं गणित मला कळत होतं. आपण त्याला जिवंत परत आणू, रंजीता ऐकेल, तिला बरं वाटेल. आयुष्यभर त्यांनी हेच औषध सगळ्यांना दिलं होतं. माझे सासरे गेले तेव्हा स्वतःलाही तेच दिलं असेल.

त्यांनी जीव ओतून सिनेमा सांगितला. नवऱ्यानं ट्रकला बांधलेली लाल ओढणी, बायकोचं गाणं, डोंगरातला बर्फ. थांबल्या की हुंकार यायचे, नाल्याकडचा सोडून. ट्रक दरीत कोसळला तेव्हा वेचणारे हात थबकले. मग शकुबाईंनी आवाज चढवला. "पन थो त पहिलेच उडी मारून बाजूले झाला होता! बर्फातून चालत चालत, चालत चालत, थो गावात येते. बायको आंगनात सडा टाकून राह्यली असते. फाटक वाजते. थे वर पाह्यते, अन्..."

"नाई."

आवाज नाल्याकडून आला होता. बसलेला, खरखरीत, पण आला होता.

"नाई मावशी. थो नाई येत."

आम्ही टोपल्या तिथंच ठेवून गेलो. रंजीता झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती, ओंजळीत फुलं तशीच. शकुबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माही चुकी झाली बेटा," त्या म्हणाल्या. "मी बंद करतो."

"बंद नका करू. तुमाले मालूम नाई पुढचं." रंजीता बोलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "त्याइच्या मोबाईलात होता थो सिनेमा. निकेशनं माह्यासाठी भरून आनला होता. पाहू म्हने संगं बसून. राहूनच गेला. मंग म्या एकटीनंच पाह्यला."

शकुबाई तिच्यासमोर मातीत बसल्या. त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग? पुढं काय होते?"

"ट्रकची नुसती ओढनी येते घरी."

"हं," शकुबाई म्हणाल्या.

"थे लोकाइले रडू नाई देत. म्हनते, थो येनार हाये."

"हं," आम्ही सगळ्या म्हणालो.

"लय दिवस तशीच राह्यते. जेवन वाढून ठेवते. मंग एक दिवस पोरगी त्या ताटातलं जेवते. बापाच्या ताटातलं. भूक लागली असते न तिले." रंजीता थांबली. "तवा थे रडते. मंग उठते अन् पोरीले अजून वाढते. मंग संपते सिनेमा."

ठमाबाई मागे उभ्या होत्या. त्यांचा हुंकार सगळ्यांत मोठा आला, आणि लगेच त्या नाक शिंकरायला झाडामागे गेल्या.

सगळ्या आपापल्या झाडाखाली परतलो. फुलं वेचायची होती, ऊन चढत होतं. शकुबाई मधल्या मोहाखाली बसून होत्या, हात चालत होते, तोंड बंद. इतक्या वर्षांत मी त्यांना जंगलात गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता या बाईंचा सिनेमा कायमचा बंद पडला. आणि खरं सांगते, डेटा चोरणाऱ्या माझ्या सासूची मला फार माया आली.

मग नाल्याकडून हाक आली. "मावशी! काऊन गप्प बसल्या?"

शकुबाईंनी हातातली फुलं टोपलीत टाकली.

"सिनेमातलं मले मालूम हाये. आता तुमचं सांगा. फाटक वाजते, मंग?"

शकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. मग त्यांनी त्या माणसाला फाटकातून आत आणलं. बायकोनं त्याच्या पायावर पाणी घातलं, घोंगडी दिली, चुलीपाशी बसवलं. त्यानं पोरीला मांडीवर घेतलं. बायकोनं गरम भात आणि वरण वाढलं, त्यानं वर तिखट मागितलं तर तेही दिलं. शकुबाईंनी काही म्हणून घाई केली नाही, त्याला पोटभर जेवू दिलं.

आम्ही बाकीच्या हुंकार द्यायचं विसरून गेलो होतो. नाल्याकाठच्या मोहाखालून मात्र घासाघासाला येत होता, "हं. हं. मंग?"